फळीवरली फर्मिना

मेलितोन चिताऱ्याच्या अंगणात भांडण लागलं ते माझ्या बायकोवरून. फर्मिनाला जाऊन आठ महिने झाले होते. फळीवरची वीतभर जागा तिला द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता, पण अख्खी आळी गोळा झाली होती.

माझ्या लेकीचं, निकोलासाचं घर उभं राहिलं होतं. शनिवारी छप्पर घालायचं होतं. आढ्याखाली बांधायची रंगीत फळी पोरीच्या लग्नातल्या धर्मबापाने द्यायची, आणि तिच्यावर सगळं गणगोत काढायचं, ज्याच्या त्याच्या हातात त्याचं काम देऊन. फळी खालून वर रंगवत जातात. सगळ्यात खाली तिचा धर्मबाप ग्रिमाल्दो, शिंग फुंकताना काढलेला. त्याच्या वर निकोलासा आणि जावई. त्यांच्या वर मी, पायाने रेटायचा नांगर धरून. माझ्या शेजारी पांढरी मोकळी जागा. मेलितोन काडीचा कुंचला घेऊन तिथेच अडला होता.

"मेलेल्या मानसाला फळीवर घेत न्हाईत," ग्रिमाल्दो म्हणाला. "फळी म्हंजे काय? उद्या भिंत पडली तर कुनाला हाक मारायची, ती यादी. फर्मिनावैनी येनार हाय का माती तुडवायला?"

"मग हितं काय काढू?" मेलितोनने विचारलं. "रंग वाळाय लागलाय."

"जनावर काढ एखादं. लामा काढ."

"माझ्या बायकोच्या जागी लामा?" मी म्हणालो.

"चालंल की," ग्रिमाल्दोची बायको इसिदोरा म्हणाली. "राग आला की दोघी थुंकायच्याच."

सगळे हसले. मीही हसलो. मग टोपी काढून झटकत बसलो.

मेलितोनने मक्याच्या दारूचा, चिचाचा घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला आणि ग्रिमाल्दोकडे रोखून बघितलं. "खरं बोल दादा. तुला भ्या कशाचं वाटतंय?"

"मला? मला कशाचं भ्या?"

"पाटाचं."

ग्रिमाल्दोचे कान लाल झाले. दोन वर्षांमागे पाण्याच्या पाळीवर त्याने आमचा बांध फोडला होता. फर्मिनाने त्याला फावड्याच्या दांड्याने पाटात उताणा पाडला आणि उन्हं वर येईपर्यंत काठावर उभं राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. सगळ्या गावाने ते बघितलं होतं. आणि मेलितोन गावाने बघितलेलंच काढतो. देवळाचा घंटावाला त्याने एका फळीवर झोपलेला काढलाय. तो घंटावाला अजून त्याच्याशी बोलत नाही.

"तू त्येच काढशील," ग्रिमाल्दो म्हणाला. "माझ्या नातवंडांनी जलमभर काय बघायचं? आजा चिखलात, पाय वर!"

"पाय चांगलं काढीन की."

आता हसण्यात काही खरं राहिलं नव्हतं. ऊन उतरत होतं आणि ग्रिमाल्दो हट्टाला पेटला होता. मी उठलो, घरी गेलो आणि गाढवावर दोऱ्यांची वेटोळी लादून आणली. अंगणात आलो आणि ती सगळी त्याच्या पायाशी ओतली.

"ह्या कशाला?" तो म्हणाला.

"छपराच्या दोऱ्या. फर्मिनानं वळल्यात. डोंगरावरचं इचू गवत तिनंच कापलं, भिजवलं, दारात बसून वळलं. खोकायची आन् वळायची. म्या म्हनलं, नीज जरा. तर म्हनली, पोरीचं घर काय तू मिशीच्या केसांनी बांधनार? शनिवारी छपराची एकूनएक गाठ तिच्या दोरीची. आता तूच सांग दादा, ती कामाला आली का न्हाई?"

ग्रिमाल्दोने एक दोरी उचलली. टोक पायाखाली धरलं आणि दोन्ही हातांनी खेचली. पुन्हा खेचली. दोरीला काही झालं नाही, त्याच्या तळहाताला मात्र वळ उठले.

"सोडत न्हाई," तो पुटपुटला. मग मेलितोनला म्हणाला, "काढ बाबा. पर दोरी वळताना. फावडं नगं."

"घागऱ्याचा काठ कसला व्हता?" मेलितोनने मला विचारलं.

मला आठवेना. एकतीस वर्षं तो घागरा माझ्या डोळ्यांपुढे हिंडत होता.

"हिरवा," इसिदोरा हळूच म्हणाली. "उजव्या अंगाला ठिगळ. त्ये बी काढ, त्यावर लई जीव व्हता तिचा."

शनिवारी ढोल आणि पाव्याच्या तालावर फळी घरापुढे आली तेव्हा मी ती पुरी बघितली. हिरवा काठ, ठिगळ, मांडीवर दोरी. आणि तोंड हे एवढं उघडं.

"मेलितोन, तोंड का असं?"

"आदी मिटल्यालं काढलं व्हतं," तो म्हणाला. "कुनी वळखंना. निकोलासा म्हनली, ही बाई कोन?"

फळी बांधायचा मान धर्मबापाचा. ग्रिमाल्दो शिडीवर चढला आणि गाठ मारायला वाकला. त्याचं नाक अगदी फर्मिनाच्या तोंडापुढे आलं.

"घट बांध, दादा," मी खालून ओरडलो, "न्हाईतर ती बोलंल!"

"बोलतीच हाय की," तो म्हणाला, आणि त्याने आणखी एक वेढा घातला.