कोंडमाळची अकरा खंडी

मला कुणी आपणहून चहा पाजला की मी आधी तारीख बघतो. कुठलीतरी निवडणूक जवळ आलेली असते. विद्यापीठाच्या कारभारात बावीस वर्षं काढल्यावर माणसाला ही सवय लागतेच, आणि ती मला कधी वाईट वाटली नाही. बायको म्हणते, तुम्हाला देवानं कान दिले ते ऐकायला नाही, टवकारायला. मी अमृत धुमाळ, भोरच्या एका महाविद्यालयात आर्थिक इतिहास शिकवतो.

माझं नाव ज्या एका कागदावर उभं आहे तो मला अठरा वर्षांपूर्वी भोरातल्या एका घरी सापडला. माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल होता, म्हणजे फडक्यात बांधलेलं गाठोडं, त्यात हे पान. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांची नावं आणि प्रत्येकीपुढं आकडा. कोंडमाळपुढं लिहिलं होतं, 'खंडी ११'. कोंडमाळ ही पानशेतच्या वरची धनगरवाडी. खंडी म्हणजे वीस मण धान्य, हे आमच्या विषयात कुणी विचारतसुद्धा नाही. म्हणजे त्या उघड्या डोंगरावरून अडीचशे वर्षांपूर्वी दोनशे वीस मण धान्य निघत होतं. मी लेख लिहिला, मग पुस्तक लिहिलं. डोंगरातली गावं मुळात गरीब नव्हती, ती नंतर गरीब केली गेली, हे माझं म्हणणं. ते मला अजूनही आवडतं.

पुण्याच्या डॉ. इंद्रजित पाटणकरांना ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. त्या उतारावर नाचणी आणि वरईशिवाय काही येत नाही, तीही पोटापुरती, मग दोनशे वीस मण आलं कुठून, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न बरोबर होता. पण उत्तर त्यांनी असं काढलं, की कागदच संशयास्पद आहे. आता कागद संशयास्पद म्हणजे सरळ मराठीत धुमाळांनी तो बनवला. असं ते छापून म्हणत नाहीत. 'सत्यता तपासायला हवी' असं म्हणतात आणि चष्मा पुसतात. तपासणीसाठी एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तेच. मूळ पान समितीकडं गेलं ते गेलंच. माझ्याकडं उरली झेरॉक्स, आणि ती मी कपाटात कुलपात ठेवतो. विद्यार्थ्यांनासुद्धा दाखवत नाही.

हे सगळं उकरून काढायचं कारण, यंदा सप्टेंबरात अभ्यास मंडळाची बैठक लागली. नव्या अभ्यासक्रमात माझं कोंडमाळचं प्रकरण घ्यायचं की नाही, हे तिथं ठरणार होतं. मंडळात काही जण आम्हा शिक्षकांनी निवडून दिलेले, काही वरून नेमलेले. मी निवडून आलेला, पाटणकर नेमलेले. विद्यापीठं नेमलेल्या माणसांच्या हाती गेली की अभ्यासक्रमही नेमूनच येतो, असं मी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं, ते त्यांना झोंबलं असणार. बैठक शुक्रवारी आणि विषयपत्रिका मिळाली मंगळवारी संध्याकाळी. कुठंतरी पाणी मुरत होतं.

बुधवारी सकाळी आमचा कारकून कुंडलिक टेबलाशी येऊन उभा राहिला. तो सारोळ्याचा, रोज एसटीनं ये-जा करतो, आणि जाता-येता जे दिसेल ते मला सांगतो. मी त्याला तसं कधी सांगितलेलं नाही. पण थांब, असंही सांगितलेलं नाही.

"सर, तुमची रत्ना काल सारोळ्याच्या पुलापाशी पांढऱ्या गाडीतनं उतरली," तो म्हणाला. "गाडी पाटणकर सायबांची. मागल्या परिसंवादाला म्याच हार घातला व्हता त्यान्ला, मी वळखतो."

रत्ना म्हणजे रत्ना सिद्धनाथ कोकरे, माझी संशोधक विद्यार्थिनी. कोंडमाळचीच, धनगराची पोर, त्या वाडीतून एम.ए. झालेली पहिली. सहा वर्षं तिनं वेल्ह्याच्या वाड्यांच्या अर्थव्यवस्थेवर काम केलं होतं. प्रबंध पूर्ण होऊन आठ दिवस माझ्या टेबलावर पडला होता. त्यावर मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती आणि शनिवारी मुदत संपत होती. दोनदा मुदतवाढ झालेली, तिसरी मिळत नाही. सही झाली नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी सही केली नव्हती, त्यालाही कारण होतं. चारशे पानांत 'खंडी ११'चा एकदाही उल्लेख नव्हता. तिची स्वतःची वाडी, तिच्या मार्गदर्शकाचा शोध, आणि नेमका तोच गाळलेला. मी मनाशी म्हणत होतो, विसरली असेल. आता पांढऱ्या गाडीचं ऐकल्यावर सगळं लख्ख झालं. तिचं आणि पाटणकरांचं गुळपीठ जमलं होतं. शुक्रवारी ते मंडळात म्हणणार, धुमाळांच्या विद्यार्थिनीलासुद्धा हा कागद घ्यावासा वाटला नाही.

मला वाईट वाटलं ते याचं, की हिच्यावर मी कधी संशय घेतला नव्हता. म्हणजे एकदाच, पहिल्या दिवशी. माझं पुस्तक छातीशी धरून ती दारात उभी राहिली आणि आत यायच्या आधीच काहीतरी शंका काढायला लागली. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "तुला कुणी पाठवलं?" हा मी सगळ्यांनाच विचारतो. ती गप्प झाली. पुढं सहा वर्षं तिनं उलट शंका अशी काढली नाही. सांगेन ते करायची, सांगेन ते वाचायची. पोर गुणी आहे, असं मी घरी म्हणायचो.

गुरुवारी दुपारी मी तिला विभागात बोलावलं आणि मंगळवारी कुठं होतीस म्हणून विचारलं. ती म्हणाली, सारोळ्याला, घरच्यांकडं. मी मनात टिपून ठेवलं, घर पानशेतच्या वर, आणि ही सांगते सारोळं. कशी गेलीस, तर गाडीनं. कुणाच्या गाडीनं, यावर ती फरशीकडं बघत राहिली.

"सर, आधी सही करा," ती शेवटी म्हणाली. "मग सगळं सांगते."

माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा. मी तिच्यासमोर प्रबंध उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. तिचे डोळे भरून आले ते मला दिसलं. मला त्यातही डाव दिसला. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

ती गेल्यावर मी स्कूटर काढली. घरच्यांकडं गेले, ही थाप मला रंगेहाथ पकडायची होती, म्हणजे शनिवारनंतर कुणी मला बोल लावला तर दाखवायला काहीतरी हातात असावं. कापूरहोळला हायवेला लागलो, किकवी मागं टाकली आणि चारच्या सुमारास सारोळ्यात पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारलं, इथं कोकरे कोण राहतात. टपरीवाल्यानं रस्त्यापलीकडच्या कापणी झालेल्या रानाकडं बोट दाखवलं. तिथं मेंढरांचा तळ होता. एक पाल, दोन घोडी, कोकरांसाठी लावलेली जाळी. पालाच्या दारात लाल पागोटं बांधलेला एक म्हातारा दगडावर बसला होता.

मी नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला, धुमाळ मास्तर ना, पोरीच्या पुस्तकावर फोटो बघितलाय. हा हैबती, रत्नाचा आजा. कोंडमाळच्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्याचे चार महिने सगळं घर मेंढरांमागं इकडं खाली येतं, दर वर्षी, पिढ्यान्‌पिढ्या. म्हणजे रत्ना खरं बोलली होती. मी त्या वाडीवर एक पुस्तक आणि नऊ लेख लिहिले आणि ही साधी गोष्ट मला टपरीसमोरच्या रानात कळली. वाडीवर मी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा मेमध्ये, जीप करून.

म्हातारीनं, धोंडाबाईनं, पितळीत चहा दिला. तेवढ्यात रत्नाचा बाप सिद्धनाथ मेंढरं घेऊन आला. हैबती उठून जाळीच्या तोंडाशी गेला आणि आत शिरणारी मेंढरं मोजू लागला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मधूनच तो धोतराच्या ओच्यातून एक खडा काढून जमिनीवर टाकायचा. शेवटचं मेंढरू आत गेल्यावर त्यानं खाली वाकून खडे बघितले.

"सात खंडी आन वर चार," तो लेकाला म्हणाला. "भरली."

मी हातातला चहा तसाच धरून विचारलं, काय म्हणालात. त्याला वाटलं मला ऐकू कमी येतं.

"खंडी," तो मोठ्यानं म्हणाला. "ईस मेंढरांची येक खंडी. माज्या आज्याच्या टायमाला पंधरा खंडी व्हती. आता कुठं ऱ्हायली."

खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो असा, की या म्हाताऱ्याला पाटणकरांनी पढवून ठेवलं असेल. मी त्याच्याकडं निरखून बघितलं. तो खडे वेचून परत ओच्यात टाकत होता. मग मी खाली बसलो, तिथंच, लेंड्यांत. अकरा खंडी म्हणजे दोनशे वीस मेंढरं. पाटणकर म्हणत होते तिथं धान्य पिकणं शक्य नाही, ते खरं होतं. मी म्हणत होतो कागद अस्सल आहे, तेही खरं होतं. दोघं अठरा वर्षं एकमेकांच्या हेतूवर संशय घेत बसलो आणि खंडी कशाची, हे दोघांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

रत्नाला हे माहीत आहे का, मी हैबतीला विचारलं. तो हसला.

"बोलाय लागली तवाच खंडी मोजाय शिकली ती," तो म्हणाला. "तुमाला न्हाई सांगितलं व्हय तिनं?"

ती पाचच्या एसटीनं आली. मला तळावर बसलेलं बघून जागीच थांबली. मी विचारलं, तू मला का नाही सांगितलंस.

"सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी, तुमच्या दारात. सर, आमच्यात खंडी मेंढरांची असते, एवढंच म्हणाले मी. तुम्ही विचारलंत, तुला कुणी पाठवलं."

मला आठवलं. तिची शंका कसली होती, ते आठवलं. मला तेव्हा फक्त माझा प्रश्न ऐकू आला होता.

बाकीचं तिनं सावकाश सांगितलं. ती पाटणकरांकडं मूळ पान बघायला गेली होती. माझ्याकडं झेरॉक्स मागितली असती तर कशाला हवी म्हणून मी खोदून विचारलं असतं. पान उजेडात धरल्यावर कडेच्या घडीत दडलेला एक शब्द तिला दिसला, चराई. झेरॉक्समध्ये ती कड आलेलीच नव्हती. धान्याचा कागदच नव्हता तो, चरायला येणाऱ्या मेंढरांचा होता. पाटणकर तेव्हा फोनवर बोलत होते, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांना साताऱ्याला जायचं होतं, वाटेत त्यांनी तिला सोडलं.

"त्यांना सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं, सही झाल्यावर."

"सही झाल्यावर का?"

"आधी सांगितलं असतं तर केली असती का तुम्ही?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. हैबती आमच्याकडं पाठ करून जाळी बांधत होता. मी तिला विचारलं, यावर काही लिहिलं आहेस का. ती पालात गेली आणि ट्रंकेतून बावीस पानं घेऊन आली. कागद कडेला पिवळे पडले होते. तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं प्रकरण, गाळून ठेवलेलं. मी तिथंच बसून वाचलं. कोंडमाळ गरीब नव्हती, हे माझंच म्हणणं तिनं मेंढरांवरून माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं मांडलं होतं. माझी चूक मात्र कुठंही चूक म्हणून लिहिली नव्हती, 'पूर्वीचे वाचन' एवढंच म्हटलं होतं. ते वाचून मला जास्त लागलं.

मी म्हटलं, हे प्रकरण प्रबंधात घाल, आणि 'पूर्वीचे वाचन' काढून तिथं माझं नाव लिही. शुक्रवारी सकाळी आठला कपाट उघडलं. भोरच्या बाइंडरला दटावून दुपारच्या आत नवी बांधणी करून घेतली आणि सही केली. तिनं सहीकडं दोनदा बघितलं, खरीच आहे ना म्हणून. तिला तो हक्क होता.

बैठक तीनला होती. पाचवा विषय माझा. मंडळाच्या अध्यक्षांनी वाचायला घेतला तोच मी म्हटलं, मी प्रकरण मागं घेतोय. पाटणकरांनी चष्मा काढला.

"यात काय डाव आहे, धुमाळ?"

मी सांगितलं, की कागद अस्सल आहे, तुमच्याच कपाटात आहे, त्याची कड उलगडून बघा. आणि खंडी धान्याची नाही, मेंढरांची आहे. पाटणकरांची अठरा वर्षं त्यांच्या चेहऱ्यावरून खाली उतरताना मला दिसली, कारण माझी आदल्या दिवशीच उतरली होती. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो सूर मी ओळखला. तो माझाच होता. मी सचिवांकडं वळलो आणि म्हटलं, इतिवृत्तात नाव नीट लिहून घ्या.

"रत्ना सिद्धनाथ कोकरे, राहणार कोंडमाळ," मी म्हटलं. "सहा वर्षांपूर्वी सांगितलं."