श्वास सोड

माझा धाकटा भाऊ श्रीवत्स एका श्वासावर समुद्राचा तळ गाठायचा आणि पाठीवर हवेची टाकी लावून उतरणाऱ्या मला हिणवायचा. “अक्का, सिलिंडर घेऊन पोहायला लाज नाही वाटत ग?” बढाया मारण्यात त्याचा हात कोणी धरू शकलं नसतं.

त्या सकाळी आम्ही कोवलमहून बोटीनं समुद्रातल्या बुडालेल्या खडकांपाशी गेलो. मी वीस मीटर खाली, खडकाशी होते. श्रीवत्स वरून आला आणि त्यानं भल्या मोठ्या कलवा माशात भाला घुसवला. रक्त पसरलं, तसा कुठूनसा शार्क आला आणि मासा भाल्यासकट ओढू लागला. भाल्याची दोरी श्रीवत्सच्या पोटरीला आवळली. शार्कच्या प्रत्येक हिसक्यासरशी तो खडकावर आपटत होता. पोटरी चिरली, डोकं फुटलं. मी सुरीनं दोरी कापली आणि शार्क मासा घेऊन पळाला. श्रीवत्सची छाती आचके देत होती. माझ्याकडची जादा नळी मी त्याच्या तोंडात कोंबली.

त्यानं छाती भरून हवा ओढली, नळी थुंकली, तोंड मिटलं आणि तो वर झेपावला. श्वास कोंडून वर जायचं, ही त्याची हाडीमाशी खिळलेली सवय. पण टाकीतली दाबलेली हवा वर जाताना फुगते. तोंड मिटलेलं असलं तर फुप्फुसं फाटतात.

मी त्याचा पाय पकडून त्याला खाली खेचलं आणि पोटात गुद्दा हाणला. त्यानं माझ्या तोंडावर लाथ घातली. माझा मास्क उडाला, ओठ फाटला. मला काही दिसेना, तरी मी मारत राहिले, पोटात, बरगड्यांत, हात लागेल तिथे. अखेर त्याच्या तोंडातून सुटलेले बुडबुडे माझ्या गालावर आले. तरीही वर पोचेपर्यंत मी हात थांबवला नाही. मला भाऊ जिवंत हवा होता.

बोटीत तो ओकला. मग माझ्यावर ओरडला, “पैत्यमा ग तुला? वेड लागलंय?”

मी त्याला का मारलं ते सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, “मला खरंच वाटलं, तू मला बुडवतेयस.”

मी खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. त्या दिवशी रागानं मारलेली ती एकच.