भिंगरीचं नाक

श्वानपथकातल्या हवालदाराच्या कुत्रीला सगळे भिंगरी म्हणायचे. अमली पदार्थांचा वास लागला की ती भुंकायची नाही, ओरबाडायची नाही. त्या वस्तूसमोर गपकन बसायची. बसली की हवालदाराने शाबासकी म्हणून लगेच चेंडू द्यायचा. ती कधीच उगाच बसली नव्हती.

त्या दिवशी शाळेच्या मैदानात मुलांसमोर प्रात्यक्षिक होतं. मांडलेल्या बॅगांपैकी एकीत पुडी होती. भिंगरीने ती बघता बघता शोधली. टाळ्या पडल्या. परत फिरताना मात्र तिने पट्टा ताणला, पथकाच्या साहेबांच्या, कडेला लावलेल्या गाडीमागे गेली आणि डिकीसमोर बसली.

मुलं खदखदून हसली. साहेबही हसले, पण जरा उशिरा.

"काय रे, माझ्यावरच केस करते का ही?"

मुद्देमालाच्या खोलीतला पकडलेला माल कमी भरतोय, ही कुजबुज हवालदाराच्याही कानावर आली होती. भिंगरी त्याच्याकडे बघत शेपूट आपटत होती. त्याचा हात खिशातल्या चेंडूवर होता. साहेब त्या हाताकडेच बघत होते.

त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"चूक! ऊठ!" तो खेकसला आणि पट्ट्याला हिसका दिला.

ती उठली नाही. दुसऱ्या हिसक्याला उठली.

त्यानंतर सरावात ती वासापाशी थबकायची, त्याच्या तोंडाकडे बघायची आणि न बसता पुढे जायची. त्याने चुचकारलं, लाड केले, पहिल्यापासून शिकवून पाहिलं. व्यर्थ.

"नाक गेलंय हिचं," साहेबांनी निकाल दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी मान डोलावली.

तो तिला घरी घेऊन आला.

"आजारी आहे का हो?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग काढली कशाला?"

"साहेब म्हणाले, नाक गेलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तो बुटाची नाडी सोडत बसला.

"मी काय म्हणणार? नोकरी आहे माझी."

"तिचीही होती," बायको म्हणाली आणि भिंगरीसाठी पाणी आणायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात पथकात नवं पिल्लू आलं. साहेब मुद्दाम बघायला आले.

"याला नीट तयार कर हं."

"हो साहेब."

पिल्लू साहेबांचे बूट हुंगायला लागलं. हवालदाराने त्याला झटकन मागे ओढलं.