चिन्हासकट

फळ्यावरची ती आडवी रेघ जेमतेम नखाएवढी होती, पण होती. ३x − २y = ६. दोनच्या आधीचं उणे सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि खालच्या ओळीत उतरताना ते गळालं होतं. चढ बरोबर उणे तीन छेद दोन, असं लिहून त्यांनी उत्तराभोवती चौकट काढली आणि बोटं फडक्याला पुसली.

मागच्या भिंतीपाशी वह्या तपासत बसलेल्या त्यांच्या लेकीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. या आठवड्यातली ही तिसरी चूक. मुलं तिला ताई म्हणत. घरीच भरणारा वर्ग सुटला की ती जिन्यात उभी राहायची आणि जाता जाता मुलांना हळूच खरं उत्तर सांगायची. मुलांनाही सवय झाली होती. वहीत ती तेवढी जागा कोरी सोडत.

डॉक्टरांनी सरांच्या आजाराचं निदान केलं त्याला वर्ष होत आलं होतं. विसरणं वाढत जाईल, शिकवणं थांबवावं लागेल, आणि हे त्यांना घरच्यांनीच सांगितलेलं बरं, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून मायलेकी दिवस पुढे ढकलत होत्या. आई म्हणाली, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाली. मग म्हणाली, नवी तुकडी जरा रुळू दे. ताईने कधी वाद घातला नाही.

"सर, चढ धन येतोय."

पहिल्या बाकावरची मुलगी बोलली होती. वर्गात येऊन तिला चारच दिवस झाले होते. जिन्यातली सोय तिला कोणी सांगितली नव्हती.

सर हसले. ते हसणं ओळखीचं असल्यामुळे बाकं आधीच खुसखुसली.

"या, न्यायाधीशबाई. म्हणजे चाळीस वर्षं मी इथे झोपा काढल्या. कशावरून धन?"

तिने आलेखाची वही पुढे धरली. (२, ०) आणि (४, ३) हे दोन बिंदू घेऊन तिने पट्टीने रेषा ओढली होती, आणि रेषा उजवीकडे सरळ वर चढत गेली होती. सरांनी वहीकडे पाहिलं नाही. त्यांनी तिला नियम ऐकवला, अगदी बिनचूक: एक्सचा सहगुणक घ्यायचा, त्याचं चिन्ह उलटं करायचं, वायच्या सहगुणकाने भागायचं, चिन्हासकट. चिन्हासकट हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि दोन्ही वेळा स्वतःच्या चौकटीवर बोट आपटलं.

"चित्रकलेच्या वर्गाला जा, बाळ. डोकं मोकळं आहे तुझं, हवा छान खेळत असेल. उभी राहा."

वर्गाचा रिवाज जुना होता. चुकणाऱ्याने वही उघडी धरून फळ्याशेजारी उभं राहायचं, ते दुसरं कोणी चुकेपर्यंत. त्यामुळे उभा असलेला दुसऱ्याच्या चुकीवर टपून असे आणि बसलेले तोवर हसून घेत. तेरा वर्षांची असताना ताई अशी दुपारपासून दिवे लागेपर्यंत उभी होती. त्या दिवशी कोणी चुकलंच नव्हतं. जेवताना सरांनी पाहुण्यांना तो किस्सा रंगवून सांगितला, तेव्हा तीही हसली होती.

पुढची दोन गणितं सरांनी सफाईने सोडवली, दोन्ही बरोबर. ऐकत राहावं असंच ते अजूनही शिकवत. मधूनच त्यांनी त्या मुलीकडे वळून विचारलं, की काय, उतरली का तुझी रेषा खाली? वर्ग हसला. मग पुन्हा एकदा विचारलं.

मुलीने वही खाली घेतली. खोडरबराने रेषा खोडली, बोटाने कण झटकले आणि पट्टी उलट्या बाजूला कलती ठेवून दुसरी रेषा ओढली. तिने घेतलेले दोन्ही बिंदू बाजूला तसेच राहिले.

"हो सर. ऋणच येतोय. माझंच चुकलं."

"शाबास. आता गणित आलं तुला. बस खाली."

मुलगी बसली. शेजारणीने तिला सरकून जागा दिली आणि तिच्या पाठीवर थोपटलं.

ताई उठली. जिन्यापर्यंत थांबता आलं असतं. आतल्या खोलीत दार लावून, आई शेजारी असताना सांगता आलं असतं. त्यासाठी शब्द तिने कितीदा तरी जुळवून ठेवले होते, सगळे मऊ. ती बाकांमधून चालत फळ्यापाशी गेली. तीस चेहरे वर झाले. लेक आता उत्तर पडताळून दाखवणार, अशा कौतुकाने सरांनी खडू तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही.

"बाबा, हिचं बरोबर होतं," ती म्हणाली. "तुमची स्मरणशक्ती चाललीय. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलंय. उद्यापासून तुम्ही वर्गात यायचं नाही."