आबांचं पाण्यावरचं विमान

माझे आबा थापाडे आहेत असं गावानं ठरवून टाकलं होतं, आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून मीही गावाच्याच बाजूला होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवालपवी नको.

आबांचं नाव लालासाहेब. इस्लामपूरपासून कोसभरावर आमचं गाव, आणि आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. त्याआधी ते एअर फोर्समध्ये होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत असतोच. भांडण होतं ते मधल्या सात वर्षांचं. सत्तावन्न साली आबा एअर फोर्समधून सुटले आणि एका विमान कंपनीत लागले. ही कंपनी आफ्रिकेच्या अंगाला, हिंदी महासागरातल्या बेटांवर होती. मालक एक म्हातारा इंग्रज, विमानं तीन, आणि तिन्ही विमानं समुद्रावरूनच उडायची आणि समुद्रावरच उतरायची. चाकांच्या जागी त्यांना दोन लांबट पोकळ होड्या जोडलेल्या असायच्या. चौसष्ट साली मोठ्या बेटावर धावपट्टी झाली, चाकांची विमानं यायला लागली आणि या तिन्हींना कुणी विचारीना. कंपनी मोडली. आबा ट्रंक घेऊन घरी आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

गावाचं म्हणणं असं, की विमान पाण्यात गेलं म्हणजे ते बुडालं, त्याला उतरलं म्हणत नाहीत. आबांनी पुरावा म्हणून एक फोटो आणला होता. त्यात विमान पाण्यात उभं होतं आणि आबा अर्ध्या चड्डीत त्याच्या होडीवर उभे होते. फोटो सगळ्या पारावरून फिरला, आणि विमान पडल्यावर लालासाहेबाला ओढून काढलं तेव्हाचा हा फोटो आहे, असा निकाल लागला. आबांना राग यायचा नाही, हाच त्यांचा मोठा दोष. चिडले असते तर निम्म्या लोकांनी तरी विश्वास ठेवला असता. हे आपले हसायचे आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून घेताना न्हाव्याला परत पहिल्यापासून सांगायचे.

गावापुरतं हे चालून जात होतं. पण मी मॅट्रिक झाले, माझी स्थळं बघायला सुरुवात झाली आणि विमान आडवं यायला लागलं. पहिलं स्थळ कराडकडचं. त्यांनी गावात चौकशी केली आणि पोरीचा बाप लय बाता मारतो एवढं ऐकून परस्पर गप्प बसले. दुसऱ्या स्थळाच्या मंडळींना आबांनी स्वतःच, पोहे यायच्या आधी, तिन्ही विमानांची माहिती दिली. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.

तिसरं स्थळ केरबामामानं आणलं. मामा आईचा चुलतभाऊ. मंडळी रहिमतपूरची, मुलगा जोतीराम तिथल्याच हायस्कुलात मास्तर, वडील भाऊसो रिटायर सुभेदार. चुलतबहिणीच्या लग्नात मी जोतीरामला बघितलं होतं. पंगतीत वाढताना त्याच्या हातून एका म्हाताऱ्याच्या धोतरावर आमटी सांडली, तर तो सगळ्यांदेखत खाली बसून ते धोतर पुसत राहिला. मला तेव्हाच तो आवडला. मी कुणाला बोलले नाही, पण आईनं ओळखलं असावं. कारण पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनं आबांना चुलीपुढं बसवून घेतलं आणि सांगितलं, "पोरीच्या गळ्याची शप्पत हाय तुमास्नी. उद्या पाव्हण्यांम्होरं इमान काढायचं न्हाई."

आमच्याकडं गळ्याची शपथ म्हणजे पोरखेळ नाही. मोडली तर जिच्या गळ्याची घातली तिच्यावर ती बसते, आणि ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. आबांचं तोंड एवढंसं झालं. पण माझ्याकडं एकदा बघून त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पुरुष मंडळी सोप्यात घोंगड्यावर बसली, जोतीरामची आई बनुबाई आत आमच्यात येऊन बसल्या. मला सोप्यात नेऊन पाटावर बसवलं, नाव विचारलं, पेपरातला उतारा वाचून घेतला. जोतीरामनं कुठला विषय आवडतो ते विचारलं. मी भूगोल म्हणाले आणि माझी जीभ मीच चावली, कारण भूगोलावरून आबा कुठं पोचतात ते मला ठाऊक होतं. आबांनी खाली बघून सुपारी कातरली. सगळं सुरळीत पार पडलं. मी आत गेले आणि दाराआड उभी राहिले.

मग सुभेदारांनी आबांची नोकरी विचारली. फौजी माणूस तो. त्याला अमुक साली भरती, अमुक साली सुटका, मग पुढची नेमणूक, असं ओळीनं लागतं. एअर फोर्सपर्यंत आबांनी खणखणीत सांगितलं. कुठल्या कॅम्पात, कुठल्या इंजिनावर, सगळं. मग म्हणाले, चौसष्ट सालापासून कारखान्यात आहे.

सुभेदार थांबले. मधली सात वर्षं कुठं गेली, म्हणून त्यांनी साधेपणानं विचारलं. आबा म्हणाले, बाहेर होतो. बाहेर म्हणजे मुंबईला का? नाही. मग? आबा म्हणाले, "समुद्राकडं." समुद्राकडं काय करत होता, असं विचारल्यावर आबा परत सुपारी कातरायला लागले. केरबामामा मधेच पावसापाण्यावर बोलायला लागला, त्यानं तर आणखीच घोळ झाला. सुभेदारांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. जन्मभर बडबडणारे माझे आबा तोंड शिवल्यासारखे बसले होते.

शेवटी सुभेदार सरळच बोलले. "लालासाहेब, राग मानू नगा. आमी सरळ मानसं. त्या सात वर्सांत तुमी खडी फोडायला तर गेला नव्हता?"

खडी फोडायला म्हणजे तुरुंगात. आबांनी मान वर केली, त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी दाराकडं, म्हणजे माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. माझ्या गळ्यासाठी माझे आबा कैदी ठरायला तयार होते. आणि मी त्यांना सात वर्षं मनातल्या मनात थापाडे म्हणत आले होते. मला माझीच लाज वाटली.

मी आईकडं बघितलं, की आता म्हण सुटली. पण आईनं तसं काहीच म्हटलं नाही. तिनं पदर पुढं ओढला आणि उंबरा ओलांडून सोप्यात जाऊन उभी राहिली. परक्या पुरुषांपुढं आई अशी कधी गेली नव्हती.

"पाव्हणं," ती म्हणाली, "ह्यांस्नी मी शप्पत घातलीया, म्हनून ह्ये गप हायत. काय ते मी सांगते."

आणि आईनं विमान काढलं. बेटावर सकाळी उठल्यावर पहिलं काम कुठलं, तर त्या पोकळ होड्यांत झिरपलेलं पाणी हातपंपानं उपसायचं. खाऱ्या पाण्यानं पत्रा खातो, म्हणून संध्याकाळी विमानाला गोड्या पाण्यानं धुवायचं. बेटावर गोडं पाणी कमी, तर माणसाला दिवसाला एक बादली आणि विमानाला पंधरा. उतारूंना आधी सामानासकट काट्यावर उभं करायचं आणि वजन बघून पुढं-मागं बसवायचं. एकदा एका नवरीला तिच्या सासरच्या बेटावर न्यायचं होतं, तर वजन जास्त भरलं म्हणून तिच्या मामाला काठावरच ठेवलं, आणि तो दुसऱ्या खेपेची वाट बघत एकटाच गाणी म्हणत बसला.

सुभेदार कोरड्या चेहऱ्यानं ऐकत होते. मग आईनं सांगितलं, की समुद्र अगदी शांत असला, वारा नसला, की विमान उडता उडायचं नाही. पाणी त्याला धरून ठेवायचं. मग हे छोटी मोटारबोट घेऊन विमानाच्या पुढं गोल गोल फिरायचे, लाटा करून द्यायचे, तेव्हा कुठं ते पाण्यावरून सुटायचं. हे ऐकताना सुभेदार पुढं सरकून बसले, आणि जोतीरामनं तर काय सुंदर, असं मोठ्यानं म्हटलं.

यातलं निम्मं मी आबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आईला लिहिता-वाचता येत नाही. आबांची पत्रं चिंतामण मास्तर वाचून दाखवायचे आणि मोबदल्यात पाकिटावरचं परदेशी तिकीट कापून घ्यायचे. एकदा वाचलेलं पत्र आई परत वाचून घ्यायची नाही, तिला ते पहिल्यांदाच पाठ व्हायचं, हे मला तेव्हा समजलं. आबाही तिच्याकडं बघत होते. त्यांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला होता.

सुभेदारांनी विचारलं, की हे सगळं खरं कशावरून.

"खरं का खोटं त्ये मला काय ठाव," आई म्हणाली. "म्या समुद्रसुदीक बघितला न्हाई. पर सात वर्सं ह्ये माझ्याजवळ नव्हतं. मधी एकदा दीड म्हैना आलं तेवढंच. इमान खोटं आसंल, तर माझी सात वर्सं कुठं गेली, त्ये तुमीच सांगा."

तेवढ्यात माझ्यामागून बनुबाई बोलल्या. त्या जागेवरून उठल्याही नाहीत, तिथूनच नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, तुमी लढाईत मिसर-इटलीला चार वर्सं गेलता, तवा मी कुनाकडं पुरावा मागाया गेलते? बास करा आता. पोरगी पसंत हाय म्हना."

सुभेदार आधी गोरेमोरे झाले आणि मग एवढ्या मोठ्यानं हसले की दावणीची म्हैस उठून उभी राहिली. त्यांनी जोतीरामकडं बघितलं. जोतीराम माझ्याकडं बघत होता, त्यामुळं त्याला वेगळं विचारायची गरज पडली नाही. केरबामामानं साखर मागवली. आईनं आबांना "सुटली" म्हटलं आणि मग मात्र सुभेदारांनीच आबांना बेटांबद्दल इतकं विचारलं की त्यांची रहिमतपूरची गाडी चुकली.

पाहुणे गेल्यावर मी कपबशा गोळा करत होते. आई केर काढत होती. आबा सोप्यात खांबाला टेकून बसले होते. माझं लग्न ठरलं होतं आणि अंगणभर नाचावं एवढा आनंद मला झाला होता, पण आबांकडं बघून मी आवाज न करता बशा रचत राहिले. ते आईकडं बघत होते. मग त्यांनी तिला हाक मारून शेजारी बसायला सांगितलं. आई केरसुणी हातात धरूनच बसली.

"म्या तिकडं हुतो तवा," आबा म्हणाले, "तू हितं काय करत हुतीस गं?"

आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की यांना झालंय काय. घरी येऊन दहा वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न आबांनी पहिल्यांदाच विचारला होता. आई म्हणाली, काय करणार, काम करत होते. पण आबा उठले नाहीत, म्हणून तिनं जरा आठवलं आणि सांगायला सुरुवात केली. गोवरात मी अकरा दिवस डोळे उघडले नव्हते ते सांगितलं. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी तिनं एकटीनंच काठावर बसून पेढा खाल्ला होता, ते सांगितलं. दिवेलागण होईपर्यंत ती सांगत होती, आणि आबांनी मधे एकदाही विमान काढलं नाही.