चार चाकं आणि एक नवाकोरा टायर

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझा रंग उडालाय, मागच्या दाराला पोचा आलाय आणि डावा आरसा चिकटपट्टीने तगलाय. पण माझी चारही चाकं जोर लावतात बरं का! साध्या गाड्यांची दोनच चाकं राबतात, उरलेली दोन नुसती सोबतीला येतात. माझ्या पोटाखालून मात्र एक लांब दांडा मागे जातो. त्याच्या टोकाला, तेलात बुडालेल्या चकत्यांचा एक क्लच आहे. चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरलं की मागची चाकंही ओढू लागतात. कारखान्यातून निघाले, तेव्हा मला याचा भारी तोरा होता. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

मला घेतलं ते जनावरांच्या डॉक्टरबाईंनी. डोंगरावर वीसेक घरं आहेत आणि घरटी गाई, शेळ्या, घोडे. वर जायला एकच रस्ता, तोही उभ्या चढाचा आणि सुट्या दगडांचा. अकरा वर्षं आम्ही दोघी तो चढलो. वर पोचलं की बाई माझं बॉनेट थोपटायच्या. वरची माणसं म्हणायची, "गाडीचा आवाज आला की जिवात जीव येतो." हे ऐकून माझी छाती फुगायची.

मग एकदा धारदार दगडाने माझा मागचा उजवा टायर फाडला. बाई कामात होत्या. त्यांचे सासरे मोठे हौशी. सुनेला त्रास नको म्हणून ते स्वतःच मला दुकानात घेऊन गेले आणि त्या जागी नवाकोरा टायर बसवून आणला. बाकीचे तीन झिजलेले होते, पण फाटले नव्हते, म्हणून ते तसेच ठेवले. बाईंना हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. नव्या टायरची काळीभोर नक्षी पाहून मी ऐटीत घरी आले. मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

आठवडाभरात माझं अंग दुखायला लागलं. वळण घेताना पोटाखाली धडधड व्हायची, मागून करपल्यासारखा वास यायचा. आणि सर्वांत वाईट म्हणजे चढावर अर्धा तास झाला की मागची चाकं साफ हात वर करायची! पुढची दोन दगडांवर नुसती गरगरायची आणि बाईंना उलटं खाली यावं लागायचं. गॅरेजात नेलं की मी थंड झालेली असायचे, मग सगळं ठीक दिसायचं. एकाने सांधे बदलले. एकाने पुढून-मागून हलवून पाहिलं आणि नुसतीच मान हलवली. मोठ्या वर्कशॉपच्या साहेबांनी तर निकालच दिला, "मागचा अख्खा संच गेलाय. आता मिळत नाही. भंगारात काढा."

भंगारवाला शनिवारी येणार होता. दुसरी अशी गाडी मिळेना, तेव्हा बाईंनी खालच्या दवाखान्यात बदली मागायचं ठरवलं. डोंगरावरच्या फेऱ्या बंद होणार होत्या. त्या रात्रभर जागल्या हे मला त्यांच्या डोळ्यांवरून सकाळी कळलं.

शुक्रवारी त्यांनी मला एका छोट्या गॅरेजात नेलं. ते चालवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत काळे. तिने पाना उचलला नाही की मला वर चढवलं नाही. ती फक्त माझ्याभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "थोडी सुतळी आहे का कुणाकडे?"

"सुतळी? गाडी बांधून ठेवताय की काय?" सासऱ्यांनी विचारलं. तेही सोबत आले होते.

ताईने एकेक चाक जॅकवर उचललं, त्याला सुतळीचा वेढा घातला आणि जिथे टोक जुळलं तिथे कापली. चार चाकं, चार तुकडे. मग चारही तुकडे शेजारी ताणून धरले. तीन अगदी सारखे. चौथा दोन बोटं लांब!

"हा टायर कुणी बसवला?"

"मीच," सासरे अभिमानाने म्हणाले. "तो तर नवाकोरा आहे! त्यात काय खोट निघणार?"

"काका, खोट त्याच्यात नाहीच. पण तो थोराड पडलाय आणि बाकीचे तिघे झिजून लहान झालेत. चौघांचे वेग जुळत नाहीत, मग मागच्या क्लचच्या चकत्या दिवसभर घासत बसतात. तापल्या की मागचा जोर सुटतो."

सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. "सूनबाई, मी तुला एकदा तरी नीट सांगायला हवं होतं गं."

"बाबा, माझ्यासाठीच केलंत ना," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ताईकडे वळून विचारलं, "वाचेल का ती?"

"चकत्या जळाल्या नसतील तर."

ताईने मागचं तेल काढलं. काळंकुट्ट, करपट! तिने ताजं तेल भरलं. सासरे धावत जाऊन त्याच जातीचे तीन नवे टायर घेऊन आले आणि ताईने ते बसवले. तेवढ्यात वरून फोन आला. एक गाय अडली होती, वासराचे पाय उलटे होते. बाईंनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "चला, हीच परीक्षा. मीही येते."

मित्रांनो, काय निघाले म्हणता मी! पहिलं वळण, धडधड नाही. दुसरं, तिसरं, नाही! वीस मिनिटं झाली. अठ्ठावीस. आता तोच उभा चढ आला. मागच्या सीटवर सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. दगड खडखडले, पुढची चाकं घसरली आणि त्याच क्षणी मागच्या चकत्यांनी एकमेकींना करकचून धरलं. मागून असा जोर आला की मी एका उसळीत वर! "चढली! चढली!" ताई ओरडली, बाई हसता हसता रडायला लागल्या. तासाभराने वासरू ओलं, थरथरत उभं राहिलं आणि त्याची आई त्याला चाटू लागली.

भंगारवाल्याला सासऱ्यांनी दारातूनच परत पाठवलं.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. घरातल्या गाडीला काही लागलं, तुटलं, कुणी काही बदललं, तर दुरुस्त करणाऱ्याला सगळं सांगा. चूक आपली असली तरी सांगा. आम्हाला फक्त दुखतं, कुठे आणि कशामुळे ते सांगता येत नाही.