बारा म्हणजे बारा

गॅरेजमध्ये वास पहिल्यांदा आला तेव्हाच नोलीननं नवऱ्याला हटकलं होतं. वॉरिक म्हणाला, "लागर बिअर आहे ती. आंबताना कुजक्या अंड्यासारखी घाण मारतेच. मग आपोआप निवळते. तुला यातलं काय कळतं?"

नव्हतंच कळत. म्हणून आठवडाभर ती गॅरेजमधल्या मशीनमधून कपडे काढताना श्वास कोंडून धरत होती आणि वाळलेल्या चादरींनाही तोच वास येतोय की काय म्हणून हुंगत होती.

जानेवारी म्हणजे इकडे ऐन उन्हाळा, त्यात गॅरेजवर पत्रा. वॉरिकनं जुना आडवा फ्रीझर घरी आंबवायच्या बिअरच्या पिंपासाठी बळकावला होता. फ्रीझर बर्फ करणार आणि बिअरला हवा बारा अंशांचा गारवा, म्हणून त्यानं मधे एक कंट्रोलर बसवून तापमापकाची तार आत सोडली. बाराच्या वर गेलं की फ्रीझर चालू, खाली आलं की बंद. "आतलं सगळं आधी स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये हलव," असं तिनं बजावलं होतं. हलवलं, म्हणाला.

आज ती बाबांचा डबा शोधत होती. बाबा जूनमध्ये गेले. त्याआधीच्या हंगामात होकिटिकाच्या नदीत जाळं लावून त्यांनी धरलेले शेवटचे व्हाइटबेट, काडीएवढे, काचेसारखे मासे, त्या एका डब्यात उरले होते. उद्या पर्थहून ओवेन, तिचा धाकटा भाऊ, येणार होता. त्याला अंत्यविधीला पोचता आलं नव्हतं. फोनवर त्यानं एवढंच मागितलं होतं, "ताई, बाबांचे मासे माझ्यासाठी ठेव."

स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये मटण होतं, वाटाणे होते. डबा नव्हता. तिनं गॅरेजमधल्या फ्रीझरचं झाकण उचललं आणि कोपरानं नाक दाबलं.

पिंपाशेजारी आइस्क्रीमचा डबा फुगून बसला होता. कडेनं करडा, बुळबुळीत रस गळत होता. झाकणावर काळ्या चिकटपट्टीनं तापमापकाची तार चिकटवलेली.

"वॉरिक, हे काय आहे?"

"तार हवेत लोंबकळती ठेवायची नसते. भरल्या डब्याला चिकटवली की आकडा हलत नाही. बघ, दहा दिवस बारा म्हणजे बारा."

"डब्यात काय आहे?"

"आइस्क्रीम. व्हॅनिला. लिहिलंय की वर."

"पंचवीस वर्षं या किनाऱ्यावर राहून तुला आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असतं असं वाटतं?"

वॉरिक वाकला. वास घेतला आणि झटकन मागे सरला. पुटपुटला, "म्हणजे डबा गोठलेला होता तोवर तारेला थंडच लागलं, फ्रीझर सुरूच झाला नसणार. बिअर पहिले दोन दिवस उकाड्यातच आंबली."

"तुला बिअर सुचतेय?"

तिनं पट्टी ओढली. पट्टीखाली बाबांनी पेन्सिलनं लिहिलेलं होतं, 'नोलीन आणि ओवेन.' अर्धी अक्षरं पट्टीबरोबर निघून आली.

डबा वॉरिकनंच नेला, हात लांब करून, तोंड फिरवून, आणि परसातल्या लिंबाखाली खड्डा खणून रिकामा केला. दोनदा त्याला ओकारी आली. नोलीन पायरीवरून बघत राहिली. मदत केली नाही.

ओवेन आला तेव्हा तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. तो लिंबाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी जावयाला तिथेच पुरलं असतं."

"अजून वेळ गेलेली नाही."

एरवी हे मासे घालून करायची धिरडी तिनं नुसत्या अंड्याची घातली. पावात ठेवून दिली. वॉरिकनं आपल्या बिअरचा पेला भरून मेव्हण्यासमोर सरकवला. ओवेननं घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखी लागते."

"टाकून दे," वॉरिक म्हणाला.

"बाबांची घरची बिअर याहून वाईट असायची," ओवेन म्हणाला, आणि नाक दाबून पेला रिकामा केला.

नोलीननं तिसऱ्यांदा लिंबू चोळून हात धुतले, हुंगले. माशांचा वास होताच. तशाच हातांनी तिनं भावाला दुसरं धिरडं वाढलं. त्यानं ते नाकाशी नेलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खाल्लं.